व्ह्यूज साडेतीन लाख, पेट्या अकरा
ऑनलाइन जाहिरातीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी बरेच मेसेज आले, त्यातले पाच घेतलेत. नावं काढलीत, गावं ठेवलीत. मी गेली अकरा वर्षं लहान धंदेवाल्यांची जाहिरातखाती बघतेय, आणि दरवेळी एकच गोष्ट समोर येते, की मोबाइलवर दिसणारा आकडा आणि गल्ल्यातला आकडा यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही, आणि माणूस बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो की आपल्याला हे जमत नाही. म्हणून पहिलं उत्तर जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई नमस्कार. आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. दोन वर्षं झाली, दलालाला न देता थेट गिऱ्हाइकाला पेटी द्यायचं बघतोय. यंदा मुलाने काढणीची रील केली, बूस्ट करताना (म्हणजे पैसे भरून ती जास्त लोकांना दाखवताना) 'प्रोफाइल व्हिजिट' निवडलं आणि १८ हजार घातले. साडेतीन लाख व्ह्यूज झाले. कमेंटमध्ये सगळे 'भाव काय' विचारतात पण ऑर्डरी आल्या ११. पेटीमागे सगळा खर्च जाऊन साडेचारशे राहतात. आमचं चुकलं कुठे? (देवगड)

दादा, आधी हिशोब मांडू. १८ हजारांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३,२४०, एकूण गेले २१,२४०. भागिले ११, म्हणजे एका ऑर्डरला १,९३० रुपये जाहिरातीचे, आणि तुम्हाला पेटीमागे सुटतात साडेचारशे. आणखी एक, ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे जाहिरातीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्या करातून वजा करून घेणं, तुम्हाला मिळत नाही, ते पैसे खर्चातच धरायचे. कपड्याच्या दुकानवाल्याला मिळतं म्हणून आपल्यालाही मिळेल असं धरून बरेच बागायतदार फसतात.

आता व्ह्यूज. इन्स्टाग्रामवर रील चालू झाली की व्ह्यू धरला जातो, एकच माणूस दोनदा बघेल तर दोन. म्हणजे साडेतीन लाख माणसं नव्हेत, आणि त्यातले किती जण पहिल्या दोन सेकंदांतच पुढे गेले असतील ते वेगळंच. हे आकडे कंपनीच मोजते आणि कंपनीच आपल्याला दाखवते हे कायम लक्षात ठेवा. २०१६ मध्ये फेसबुकनेच (इन्स्टाग्राम त्यांचंच) कबूल केलं होतं की व्हिडिओ सरासरी किती वेळ बघितला जातो हा आकडा ते दोन वर्षं फुगवून दाखवत होते, कारण तीन सेकंदांच्या आत सोडून गेलेल्यांना त्यांनी सरासरीत धरलंच नव्हतं.

पण खरी गोम तुमच्या त्या 'प्रोफाइल व्हिजिट'मध्ये आहे. ही यंत्रणा तुम्ही जे मागाल तेच शोधून आणते. प्रोफाइल बघणारे मागितले तर ज्यांना दिवसभर प्रोफाइलं उघडून बघायची सवय आहे असे लोक आणून देते, त्यांना आंबा घ्यायचा असो नसो. म्हणून बूस्टचं बटण सोडा आणि ॲड्स मॅनेजर नावाच्या त्यांच्याच जाहिरातीच्या पानावरून जाहिरात लावा, ज्यावर दाबलं की थेट तुमच्या व्हॉट्सॲपवर चॅट उघडतं ती. ठिकाण पुणे, ठाणे, मुंबई असं ठेवा, आणि त्यातही तुमची गाडी जिथे पेटी पोचवते तेवढेच भाग. मी एका बागायतदाराचं खातं बघितलं होतं, त्याच्या अर्ध्या जाहिराती रत्नागिरी सिंधुदुर्गातच दिसत होत्या, म्हणजे ज्यांच्या दारात कलम आहे त्यांनाच आपण आंबा विकतोय.

आणि भाव लिहा. जाहिरातीतच लिहा, पेटी किती डझनाची, भाव किती, घरपोच किती दिवसांत. 'भाव काय' विचारायला लावून कमेंट वाढतात खरं, पण त्यातल्या दहातल्या आठ जणांना तो भाव परवडणारच नसतो आणि मुलाचा अख्खा दिवस उत्तरं देण्यात जातो. भाव आधीच दिसला की मेसेज कमी येतील, जे येतील ते घेणारे येतील.

दुसरं म्हणजे रोज सकाळी बजेट बदलू नका, फोटो बदलू नका. एका जाहिरात संचाला आठवड्यात साधारण ५० रिझल्ट मिळेपर्यंत ती यंत्रणा शिकत असते आणि मधे मोठा बदल केला की शिकणं परत पहिल्यापासून. आंब्याचा हंगाम दोन अडीच महिन्यांचा, त्यात तीन आठवडे शिकण्यातच गेले तर राहिलं काय? म्हणून मार्चमध्येच बुकिंगची जाहिरात लावा, थोड्या पैशांत.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. मागच्या वर्षी ज्यांनी पेटी नेली त्यांचे नंबर आहेत का तुमच्याकडे? वहीत असतील, कुरियरच्या पावत्यांवर असतील, ते एका जागी आणा. त्यांना फुलोरा आला तेव्हाचा एक फोटो, पहिली काढणी झाली तेव्हाचा एक फोटो आणि भाव, एवढं पाठवलं तरी पुरे. पण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट फक्त त्यालाच पोचते ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे, म्हणून पेटीतच एक चिठ्ठी टाका, 'हा नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी पहिली पेटी तुम्हाला'. जुनं गिऱ्हाईक परत आलं तर जाहिरातीचा खर्च शून्य. आणि तेच गिऱ्हाईक एका हंगामात तीन पेट्या घेतं हे तुमच्या वहीत दिसलं, तर त्याला पहिल्यांदा आणायला चारशे रुपये गेले तरी चालेल. वही नसेल तर चारशे जास्त की कमी हे तुम्हाला कोणीच सांगू शकत नाही, मी पण नाही.

जाता जाता, कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली नसेल तर करून घ्या आणि ती खूण जाहिरातीत दाखवा. परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो आणि पुण्यातल्या गिऱ्हाइकाच्या मनात पहिली शंका तीच असते.

प्रश्न: आमचं येवल्यात पैठणीचं दुकान आहे, मागावर आमचेच कारागीर. वर्षभर एका एजन्सीला महिना २५ हजार फी देतोय, जाहिरातीचे पैसे वेगळे. ते दर महिन्याला रिपोर्ट पाठवतात की एक रुपयाला आठ रुपयांची विक्री झाली. दुकानात तसं काही जाणवत नाही. खातं त्यांच्याच नावावर आहे, मागितलं तर म्हणतात पॉलिसी नाही. काय करावं? (येवला)

ताई, खातं तुमचं नसेल तर काहीच तुमचं नाही. सगळ्यात आधी ते. गूगल ॲड्सचं खातं तुमच्या ईमेलने उघडलेलं असायला हवं, मेटाचा (म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीचा) बिझनेस पोर्टफोलिओ तुमचा, पेजचे मुख्य ॲडमिन तुम्ही, कार्ड तुमचं, आणि बिल तुमच्या दुकानाच्या नावावर आणि जीएसटी नंबरवर. एजन्सीला फक्त काम करायची परवानगी द्यायची, ती कधीही काढून घेता येते. ते देत नसतील तर भांडत बसू नका, स्वतःचं नवीन खातं उघडा. जुन्या खात्यातली वर्षभराची माहिती जाईल याचं वाईट वाटेल, पण आणखी एक वर्ष त्यांच्याकडे राहिलात तर दोन वर्षांची जाईल.

आता तो आठ रुपयांचा आकडा. तो खोटा असेलच असं नाही, पण त्यात काय काय धरलंय ते विचारा. गूगलचा परफॉर्मन्स मॅक्स नावाचा प्रकार २०२१ पासून सगळ्यांना खुला आहे, एकच मोहीम सर्च, यूट्यूब, जीमेल, मॅप्स सगळीकडे फिरते आणि कुठे किती पैसे टाकायचे ते मशीन ठरवतं. सोयीचं आहे, वाईट नाही. पण होतं असं की ज्या बाईने तुमच्या दुकानाचं नाव स्वतःच टाइप करून शोधलं, जिला तिच्या नणंदेने सांगितलं होतं, तिलाही जाहिरात दिसते, ती त्यावर दाबून येते, साडी घेते, आणि ती विक्री जाहिरातीच्या खात्यात जमा होते. ती तशीही येणारच होती की! म्हणून एजन्सीला सांगा की आमच्या दुकानाचं नाव मोहिमेतून वगळा आणि मग महिन्याभराने आकडा दाखवा. आठाचे दोन झाले तर खरा आकडा दोन होता.

आणि कोणते शब्द शोधून लोक आले ती यादी मागा, सर्च टर्म्स म्हणतात तिला. मी एका साडीच्या खात्यात बघितलंय, पैसे जात होते 'पैठणी ब्लाउज डिझाइन फोटो', 'पैठणी माहिती मराठी निबंध' असल्या शोधांवर. शाळेतल्या पोराला निबंध लिहायचाय आणि त्याच्या एका क्लिकचे पैसे आपण भरतोय. असे शब्द निगेटिव्ह यादीत, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवू नये त्या यादीत, टाकायचे असतात आणि हे काम दर आठवड्याला बसून करावं लागतं, २५ हजार फी त्याचीच असते खरं तर. आपले लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत आणि दहा प्रकारच्या स्पेलिंगने टाइप करतात, ती सगळी स्पेलिंगं तुम्हाला माहीत असतात, एजन्सीतल्या मुलाला नसतात. 'एकधोटी', 'बांगडीमोर', 'मुनिया काठ' असं नेमकं नाव घेऊन शोधणारं माणूस घ्यायलाच निघालेलं असतं, ते शब्द तुम्ही बसून लिहून द्या.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, कुठून कळलं, आणि बिलाच्या मागे लिहा. दोन महिन्यांत तुमच्याकडे असा रिपोर्ट होईल जो कुठलीच एजन्सी देऊ शकत नाही.

प्रश्न: मी डोंबिवलीत घरून दिवाळी फराळ आणि केक करते, फूड लायसन्सची नोंदणी आहे. एक फूड ब्लॉगर मुलगी ९० हजार फॉलोअर्सवाली, एका रीलचे १५ हजार आणि फराळाचा एक डबा मागतेय. वर म्हणते 'पेड' असं लिहिणार नाही, लिहिलं की रीच पडतो. देऊ का? (डोंबिवली)

ती 'पेड' लिहिणार नसेल तर देऊ नका, अगदी स्पष्ट सांगते. जाहिरात क्षेत्राच्या आस्की या संस्थेने २०२१ मध्येच नियम काढले आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली, पैसे घेतले असोत किंवा नुसता फुकट डबा, लोकांना कळेल असं सांगावंच लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, परत केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि तो नुसता रील करणाऱ्याला नाही, जाहिरात करून घेणाऱ्यालाही होऊ शकतो.

कायदा बाजूला ठेवला तरी ९० हजार हा आकडा तुमच्या कामाचा नाही. तिला सांगा, इन्साइट्स (बघणाऱ्यांची आकडेवारी) उघड आणि स्क्रीन रेकॉर्डिंग पाठव, स्क्रीनशॉट नको. बघणारे कुठल्या शहरातले आहेत ते बघा. तुम्ही डबा देता डोंबिवली, कल्याण, फार तर ठाण्यापर्यंत, आणि तिचे लोक इंदूर, सुरत, दिल्लीचे असतील तर करायचंय काय? त्यापेक्षा तुमच्याच भागातल्या, चार पाच हजार फॉलोअर्स असलेल्या दोघी तिघी शोधा, एकीला सोसायटीतल्या बायका ओळखतात, एकीचा पाळणाघराचा ग्रुप आहे, अशा. प्रत्येकीला वेगळा कोड द्या, 'हा कोड सांगा, ५० रुपये कमी', म्हणजे कुणामुळे किती डबे गेले ते चकलीसारखं गोल गोल न फिरता सरळ कळेल. आणि त्यांनाही 'जाहिरात' असं लिहायला लावा. 'तिने मला डबा पाठवलाय, मी खाल्ला, चिवडा मला फार आवडला, शंकरपाळे जरा गोड वाटले' असं कुणी बोललं की लोक विश्वास ठेवतात, मी स्वतः ठेवते.

प्रश्न: दापोलीजवळ आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. पूर्वी गूगलवर शोधून लोक आमच्या वेबसाइटवर यायचे, आता येणारे कमी झालेत. पाहुणे म्हणतात आम्ही एआयला विचारलं. तिथे आमचं नाव यावं म्हणून काय करायचं? एक जण ४० हजारांत करून देतो म्हणतोय. (दापोली)

४० हजार देऊ नका. एआयच्या उत्तरात तुमचं नाव आणूनच देतो अशी खात्री देणारा माणूस त्याच्या हातात नसलेली गोष्ट विकतोय.

तुम्हाला जाणवलेला बदल मात्र खरा आहे. गूगलने ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात शोधाच्या वरच एआयने लिहिलेलं उत्तर दाखवायला सुरुवात केली, आणि उत्तर तिथेच मिळालं की माणूस खाली वेबसाइटवर कशाला जाईल? पण ते उत्तर कुठून तरी उचलावं लागतं ना. म्हणून जे पाहुणे तुम्हाला फोनवर विचारतात तेच तुमच्या साइटवर साध्या मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवा. समुद्र चालत किती मिनिटं, खेड स्टेशनवरून कसं यायचं, जेवण शाकाहारी की मासे पण, पावसाळ्यात चालू असतं का, म्हाताऱ्या माणसांना किती पायऱ्या चढाव्या लागतात, कुत्रं आणलं तर चालतं का. 'निसर्गाच्या कुशीत अविस्मरणीय अनुभव' हे सगळेच लिहितात, त्यातून माणसाला पण काही कळत नाही आणि मशीनला पण नाही.

मग गूगल बिझनेस प्रोफाइल, फुकट आहे, पूर्वी गूगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ मध्ये नाव बदललं. पत्ता, फोन, खोल्यांचे खरे फोटो, सगळं ताजं ठेवा. पाहुणे निघताना रिव्ह्यू मागा पण त्याबदल्यात सवलत देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर राग गिळून दोन ओळींत उत्तर द्या. गरम पाणी नव्हतं असं कुणी लिहिलं असेल तर 'हो, त्या दिवशी लाइट नव्हती, आता गॅस गीझर बसवलाय' एवढं पुरे, पुढचे वाचणारे तेच बघतात.

आणि कृपा करून एआयने बनवलेले फोटो टाकू नका. हल्ली खिडकीतून दिसणारा समुद्र कुणीही दोन मिनिटांत बनवतो, पण लोक सहा सात तास गाडी चालवून येतात, पोरं मागे झोपलेली असतात, आणि खिडकी उघडल्यावर शेजारच्यांची भिंत दिसते. त्या माणसाचं तोंड कसं होत असेल याचा विचार केला तरी मला अस्वस्थ होतं.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. परवा घरात बायकोशी गुडघेदुखीबद्दल बोललो आणि संध्याकाळी फेसबुकवर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात. मोबाइल आपलं बोलणं ऐकतो का? दुसरं, एका मोठ्या उद्योगपतीचा व्हिडिओ दिसला, तो स्वतः सांगतोय २१ हजार गुंतवा. खरं वाटत होतं. (लातूर)

सर, दुसरं आधी, कारण त्यात पैसे आहेत. तो व्हिडिओ बनावट आहे, चेहरा आणि आवाज दोन्ही एआयने केलेले. अशा व्हिडिओत खऱ्या उद्योगपतींचे, मंत्र्यांचे, बातम्या देणाऱ्यांचे चेहरे सर्रास वापरतात. जाहिरात फेसबुकवर दिसली म्हणजे फेसबुकने तपासली असं धरू नका. त्या जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबून रिपोर्ट करा. तुम्ही किंवा ओळखीच्या कुणी पैसे भरलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, उद्यावर टाकू नका, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता आले तरच परत मिळायची शक्यता जास्त असते. तुमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवरही सांगा, त्यांच्या हातात ग्रॅच्युइटीची रक्कम आलेली असते आणि हे लोक नेमके तेच वय निवडून जाहिरात लावतात.

आता ऐकण्याचं. त्यांना ऐकायची गरजच पडत नाही, इतकं बाकीच्या वाटांनी कळतं. तुमचं वय त्यांना माहीत, तुमच्या वयाच्या बऱ्याच जणांचे गुडघे दुखतात. घरात कुणी त्याच वायफायवर तेल किंवा पट्टा शोधला असेल, औषधाच्या दुकानाची साइट उघडली असेल. बहुतेक दुकानांच्या साइटवर पिक्सेल नावाचा छोटासा कोड असतो, तो जाऊन फेसबुकला सांगतो की या फोनवरून हे पान बघितलं. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर सक्ती केली की ॲपने आधी विचारायचं, माग काढू का, आणि असंख्य लोकांनी नको सांगितलं, जाहिरात कंपन्यांना त्याचा मोठा फटका बसला. अँड्रॉइडवर हे तुम्हाला स्वतः करावं लागतं, सेटिंगमध्ये गूगल, मग ॲड्स, तिथे 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी'. फेसबुकच्या जाहिरातीवरच्या तीन टिंबांत 'मला ही जाहिरात का दिसतेय' असा पर्याय पण असतो, तो एकदा उघडून बघाच. आणि फोनच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी कुठल्या कुठल्या ॲपला दिलीय ती यादी काढा, टॉर्चच्या ॲपला किंवा कॅलेंडरला दिलेली असेल तर काढून टाका. नातवंडं आली की त्यांना शेजारी बसवून करा, दहा मिनिटांचं काम आहे, आणि वहिनींच्या फोनवर पण करून द्या.